पाव फेरा

आणि मग बाबांनी आपला कान थेट त्या आवाजावर नेला. इतका जवळ, की कानशिलावरची पांढरी बट कार्ब्युरेटरला टेकली. डोळे मिटले, श्वास रोखला, एक हात मागे करून तिला ‘बोलू नकोस’ अशी खूण केली आणि आठ-दहा सेकंद तसेच वाकून राहून ते सरळ झाले. म्हणाले, “हवा कुठंच खेचत नाहीये. ऐकलंय मी.”

ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती, मडगार्डला टेकून, आणि तिला तो आवाज स्वच्छ ऐकू येत होता. जीभ भाजल्यावर माणूस दातांच्या फटीतून हवा आत ओढतो तसा, बारीक, न थांबणारा, कार्ब्युरेटरच्या बुडाशी. अकरा वाजता फाटक ढकलून ती आत आली तेव्हा बाबा दिसायच्या आधी, पिकअपचं उघडं बॉनेट दिसायच्या आधी तिनं तो ऐकला होता आणि मनात म्हटलं होतं, अरे वा, कारण सापडलंय वाटतं, आता तेवढं बंद करतील. मग तिनं पिशवी आईकडे दिली, पाणी प्यायली, अंगणात येऊन उभी राहिली, पाऊण तास पाने आणि स्क्रू ड्रायव्हर हातात देत राहिली, आणि त्या पाऊण तासात तिला एकदाही वाटलं नाही की बाबांना तो आवाज येतच नसेल. तिला. जिचं पोट गेली एकवीस वर्षं लोकांना काय ऐकू येत नाही हे शोधण्यावर चालतं.

एकदम काही झालं नाही. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेवढंच झालं. दात दातावर आपटले. समोर इंजिन चालू होतं, वर-खाली होत होतं, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखं. बाबांनी फडक्याला हात पुसले. आणि तिच्या डोक्यात, रविवार असून, ऑफिसातलं काम आपलं आपण सुरू झालं.

अडीचशे. बोट वर.
पाचशे. बोट वर.
हजार. बोट वर.
दोन हजार. बोट वर, पण जरा उशिरा.
चार हजार

तिथं ती थांबली. ऑफिसात हे आकडे ती रोज वीस-बावीस वेळा मोजते. जाड भिंतींची एक खोली, आत खुर्चीवर माणूस, कानांवर हेडफोन. बाहेर काचेपलीकडे ती, समोर बटणं. आकडा लहान असला की आवाज जाड, घुमणारा; मोठा होत जाईल तसा तो बारीक, टोकदार. ऐकू आलं की माणसानं बोट वर करायचं. साठीनंतरच्या माणसांची बोटं बारीक आवाजांना मांडीवरच राहतात. आयुष्यभर यंत्राशेजारी काम केलेल्यांची तर राहतातच राहतात. हे तिला इतकं पाठ आहे, की दारातून आत येणाऱ्या माणसाच्या चालण्यावरून ती मनात आधीच कागद भरून टाकते. आणि सोबत बायको किंवा मुलगी असते, ती हमखास म्हणते, “ऐकू येतं हो त्यांना, लक्ष देत नाहीत,” आणि मग ती त्या बायकोला किंवा मुलीला समजावते, तेच ते शब्द, त्याच शांत आवाजात. की माणसाला स्वतःला कळत नाही. की जो आवाज येतच नाही तो गेला हे कळणार कसं? की तुम्हीच बघा, तुम्ही हल्ली जोरात बोलता का, ते तुमच्या तोंडाकडे बघतात का, फोन दुसऱ्याच्या हातात देतात का.

फोन आईच घेते. चार वर्षं झाली असतील. “तुझे बाबा हात काळे करून बसलेत, मला सांग.” आणि ती आईला सांगते. परवा फाटकाशी उभी राहून तिनं हाक मारली ती किती मोठ्यानं मारली होती? शेजारच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून बघितलं होतं. आणि मागल्या वर्षी, इथंच, याच भिंतीशी खुर्च्या टाकून बसलेले असताना बाबा म्हणाले होते, “चिमण्या कमी झाल्या नाही आताशा?” आणि ती म्हणाली होती, “हो ना, पेपरातही आलं होतं.” भिंतीवर तेव्हा सात-आठ चिमण्या होत्या. कलकलाट करत होत्या. तिला तो ऐकू येत होता, ती ‘हो ना’ म्हणाली होती, आणि हे दोन्ही एकाच डोक्यात शेजारी शेजारी बसलं होतं, एकमेकांची ओळख नसलेल्या दोन प्रवाशांसारखं.

“बंद करू?” बाबांनी विचारलं.

“हं?”

“इंजिन बंद करू का म्हटलं. कुठं हरवलीस?”

“करा,” ती म्हणाली, आणि आवाज वाढवलेला आहे हे तिला पहिल्यांदाच ऐकू आलं.

या पिकअपला घरात ‘धाकटी’ म्हणतात. ती स्वतः सहा वर्षांची असताना बाबांनी ही विकत आणली, आणि आई म्हणाली होती, घ्या, थोरलीला अजून धड बूट नाहीत आणि धाकटीला चार टायर. ते नाव चिकटलं. धाकटीला ताप आलाय. धाकटी आज नखरे करतेय. धाकटीला आंघोळ घालून येतो. दुसरं मूल झालंच नाही, त्यामुळे नाव कुणी परतही मागितलं नाही. एकतीस वर्षं बाबांनी धाकटीतून काचा वाहिल्या. खिडक्यांच्या, दुकानांच्या, आरसे, एकदा एका शाळेच्या सगळ्या वर्गांच्या. मागे लाकडी घोडा होता तिरका, त्यावर काचा उभ्या टेकवायच्या, मध्ये जाड कापडाच्या पट्ट्या. आणि सिग्नलला गाडी उभी राहिली, की इंजिन जर नीट बसलेलं नसलं तर ती थरथर मागे जायची आणि काचा बोलायला लागायच्या. दात वाजल्यासारख्या. बाबांना ते सहन व्हायचं नाही. काच फुटायची भीती असायचीच, पण तेवढ्यासाठी नव्हे. आपल्या गाडीत बसलेल्या कुणाला तरी थंडी वाजतेय आणि आपण गरम कपड्यात आहोत असं व्हायचं त्यांना. मग घरी येऊन बॉनेट उघडायचं आणि कार्ब्युरेटरच्या त्या एवढ्याशा पितळी स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण जुळवायचं. पाव फेरा आत. पाव फेरा बाहेर. ती शेजारी डब्यावर उभी. “ऐक. आता घोडा चालतोय. आता लंगडा झाला. आता परत चालतोय. कळलं?” तिला कळायचं. तिला शाळेत काही कळायचं नाही, हे कळायचं. मोठेपणी कुणी विचारलं की तुम्ही कानांच्या कामाकडे कशा वळलात, की ती काहीतरी पुस्तकी सांगते.

बाबांचा एकच माज होता, कानाचा. इतर ड्रायव्हर इंजिन कुठं चोरून हवा ओढतंय हे शोधायला जोडाजोडांवर पेट्रोल शिंपडत. जिथं गळती असेल तिथून ते आत खेचलं जाऊन इंजिन एकदम रेस होतं आणि जागा कळते. बाबा त्याला हसत. “शिंपडायचं असेल त्यानं शिंपडावं. देवानं सगळ्यांनाच कान दिलेत असं नाही.” तीन आठवड्यांपूर्वी, धाकटी आठ वर्षांनी पहिल्यांदा चालू झाली, त्या दिवसापासून इंजिन हेच करतंय, वर-खाली, वर-खाली, आणि बाबा रोज वाकून कान लावून खात्री करून घेत होते की हवा कुठं खेचत नाहीये. शिंपडून बघायचं त्यांच्या मनातही आलं नसणार. कशाला येईल?

“पेट्रोल कमी पडतंय तिला,” आता ते म्हणत होते. उलट्या बादलीवर बसले होते, गुडघ्यांवर हात. “एवढं कळतं. चोक अर्धा ओढून हवा अडवली की शहाण्यासारखी चालते, सोडला की येड्यासारखी. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. बरोबर? पण का कमी? चार वेळा खोललं कार्ब्युरेटर. जेट साफ. फ्लोट बरोबर. दर वेळी बसवताना आधीपेक्षा चांगलं आवळून बसवलं. अकरा महिने, अगं. ब्लॉक बोअर करून आणला, पिस्टन नवे, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह हातानं घासून बसवले. एक नट इकडचा तिकडे केला नाही.”

“मग असेल काहीतरी बारीक.”

“बारीक नाही.” त्यांनी दोन्ही हात उलटे करून बघितले, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे. “हात गेले. दुसरं काय. वय झालं की जातात. नट आवळताना वाटतं बरोबर आवळलंय, पण हातच खोटं सांगत असतील तर?” मग एकदम हसले, तिला वाईट वाटू नये म्हणून. “जाऊ दे. पाचला भंगारवाला येतोय. तुझ्या आईनं फोन केलाय. घेऊन जाईल, अंगण मोकळं होईल, आई म्हणते तिथं कुंड्या ठेवू.”

“आज?”

“मग कधी? रोज येऊन तिचं तोंड बघायचं आणि तिनं माझं? त्यापेक्षा बरं. पाने पण देऊन टाकतो. आता काय करायचेत?”

पाने. ती पान्यांकडे बघत राहिली. फडक्यावर मांडलेले, आठ नंबरपासून चोवीसपर्यंत, बाबांच्या अंगठ्यानं झिजून मधोमध चमकणारे. ती आत गेली.

आई ओट्याशी पाठमोरी होती. “बसली का गं धाकटी?”

“आई, बाबांना ऐकू येत नाही.”

आईनं नळ बंद केला. वळली नाही. “येतं की. मी बोललेलं येतं.”

“तू समोर येऊन बोलतेस म्हणून.”

“हो मग. चार वर्षं झाली, समोरच येऊन बोलते. भांडायचं तरी हात पुसून, बाहेर जाऊन, समोर उभं राहून भांडावं लागतं. तिथवर जाईपर्यंत अर्धा राग उतरतो.” आता ती वळली. “लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. त्यातली ही चार बरी गेली.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुला?” आईच्या भुवया वर गेल्या. “तुझा धंदा आहे तो, बाई. मला वाटलं तुला दिसत असेल, आणि तू काही म्हणत नाहीस म्हणजे म्हणण्यासारखं नसेल.” मग जरा थांबून, हलक्या आवाजात, “आणि मलाही म्हणायचं नव्हतं. कानाशिवाय त्यांच्याकडे मिरवण्यासारखं आहे काय? रूप?”

तिला हसू आलं आणि ती खिडकीकडे वळली. खिडकीतून बाबा दिसत होते. बादलीवरून उठून त्यांनी पाने एकेक करून पुसायला घेतले होते, देऊन टाकायचे तर स्वच्छ द्यावेत म्हणून. म्हणजे हे असं होतं. गप्प बसावं, तर कान शाबूत राहतात आणि हात जातात; धाकटी जाते, पाने जातात, अकरा महिने जातात आणि हा माणूस उरलेली वर्षं स्वतःच्या हातांकडे संशयानं बघत कुंड्यांशेजारी बसतो. खोट्या कारणानं. हातांनी काही केलेलंच नाही. आणि बोलावं, तर हात वाचतात आणि कान जातात. खरं म्हणजे ते गेलेलेच आहेत. पण त्यांच्यापाशी ते अजून आहेत ना.

ऑफिसात हे वाक्य ती दिवसातून कितीदा बोलते. आता ओट्याला टेकून तिला ते जुळवता येईना.

बाबा, वयानुसार बारीक आवाज थोडे कमी
(नको. हे कागदावरचं आहे.)

बाबा, मला वाटतं पेट्रोल शिंपडून एकदा
(म्हणजे देवानं कान दिले नाहीत. तेच की.)

बाबा, मला असं वाटतंय, नक्की माहीत नाही, पण कदाचित
(पाऊण तास उभी होतीस ना तिथं?)

बाबा, तुम्ही आत जाऊन पडा, मी जरा
(आणि मागे चोरून ठीक करून ठेवायचं. आणि ते उठून म्हणतील, बघ, आपोआप बसली. आणि मग पुढच्या वेळी? आणि त्याच्या पुढच्या?)

बाबा

ती बाहेर आली. उन्हात डोळे बारीक करून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. बरोब्बर समोर, आणि आपण तसं उभं राहतोय हे तिला कळलं.

“इंजिन चालू करा.”

“कशाला आता?”

“करा ना. एकदाच.”

त्यांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. धाकटी खोकली, सुरू झाली, वर-खाली व्हायला लागली. ती वाकली. आवाज तिथंच होता, दातांच्या फटीतून, न थांबता. ती बोटानं त्याच्या मागं गेली. कार्ब्युरेटर जिथं खालच्या नळीवर दोन नटांनी बसवलेला असतो, त्या सांध्याच्या मागच्या बाजूला. बोट तिथं ठेवून ती म्हणाली, “इथं. इथून हवा जातेय.”

“छे. ऐकलंय मी.”

“मला येतोय आवाज.”

“कसला?”

“बारीक. शिटीसारखा, पण शिटी नाही. सकाळी फाटकाशी आले तेव्हापासून येतोय.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग वाकले, कान तिच्या बोटापाशी नेला, दुसरा कान हातानं झाकला. इंजिन वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं. त्यांच्या मानेवरची शीर तिला दिसत होती, ताणलेली. कुणीतरी लांबून हाक मारतंय असा तो सगळा देह झाला होता. मग ते न उठताच म्हणाले, अगदी साध्या आवाजात, “नाही गं येत.”

तिनं बोट बाजूला घेतलं.

त्यांनी ग्रीसच्या डब्यात बोट बुडवलं, चांगला लिंबाएवढा गोळा काढला आणि चाचपडत त्या सांध्यावर, मागच्या बाजूनं, अंगठ्यानं दाबून बसवला.

इंजिन खाली आलं. आणि खालीच राहिलं.

वर-खाली नाही, काही नाही. तीन आठवडे कूस बदलणाऱ्या माणसाला झोप लागावी तसं. चिमण्यांचा कलकलाट एकदम मोठा झाला, किंवा तो तिला एकटीलाच झाला. बाबांचा अंगठा तसाच ग्रीसमध्ये दाबलेला होता. त्यांनी तो थोडा उचलला. हिसका बसला, इंजिन वर गेलं. दाबला, खाली आलं. पुन्हा उचलला. पुन्हा दाबला. चार-पाच वेळा केलं त्यांनी तसं. मग खिडकीतून हात घालून चावी बंद केली.

“आई कोणत्या वर्षी घ्यायला लागली गं फोन?” त्यांनी विचारलं.

“चार वर्षं झाली म्हणते.”

“हं.” ग्रीस पुसत राहिले. “आणि तू सकाळपासून ऐकतेयस.”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला येतोय.”

यावर ते हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग बादलीवर बसून. “वा, कानवाल्या बाई! अख्ख्या गावाला पकडतेस आणि घरातला चोर दिसला नाही?” आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी ते मनगटानं पुसले आणि कपाळावर ग्रीसचा पट्टा उठला. “म्हणजे चिमण्या आहेत?”

“आहेत.”

“किती?”

तिनं भिंतीकडे बघितलं. “आता पाच.”

“बोलतायत?”

“भांडतायत.”

“चला. बरं झालं. मी म्हणत होतो गेल्या कुठं सगळ्या.” थोडा वेळ ते भिंतीकडे बघत राहिले. चोची उघडत-मिटत होत्या. मग म्हणाले, “तुझ्याकडे फार रांग असते का?”

“तुमच्यासाठी नाही.”

“नको नको. रांगेत येईन. ओळखीनं आत जाणार नाही.” उठले, बारा नंबरचा पाना घेतला, दोन नट सैल केले आणि कार्ब्युरेटर पाचव्यांदा हातात आला. त्याचं बूड त्यांनी डोळ्यांसमोर आडवं धरलं, उजेडाकडे, आणि त्यावर स्क्रू ड्रायव्हरची सरळ दांडी टेकवली. “ये इकडे. दिसतंय?”

तिला दिसलं. बूड सपाट नव्हतं. दोन्ही बाजूंचे कान, ज्यांत नट बसतात ते, किंचित खाली वाकले होते, आणि मध्ये केसाएवढा उजेड होता.

“माझंच काम,” बाबा म्हणाले. “दर वेळी वाटायचं सैल राहिलं असेल. दर वेळी जरा जास्त आवळायचो. पाव फेरा अजून, पाव फेरा अजून. वाकवून ठेवलं बिचारीला. जितकं आवळलं तितकी फट वाढली.” आवाजात राग नव्हता, एखाद्या लेकराला ताप आहे म्हणून पांघरुणावर पांघरूण घालत गेल्यावर बाप जसा ओशाळतो, तसे ते ओशाळले होते. तिला फाटकाशी मारलेली आपली हाक आठवली, दर महिन्याला थोडी थोडी मोठी होत गेलेली.

काचेचा एक तुकडा घरात होताच, काचवाल्याच्या घरात नसेल तर कुठं. तो पायरीवर ठेवला, त्यावर बारीक पॉलिश पेपर अंथरला, आणि बाबा त्यावर कार्ब्युरेटरचं बूड घासायला बसले, इंग्रजी आठाच्या आकारात, न दाबता, फक्त त्याच्या स्वतःच्या वजनानं. अधूनमधून उलटं करून बघत. आधी दोन टोकं चमकली. मग चमक आत सरकत गेली, दोन्हीकडून, मधल्या काळसर डागाकडे. ती शेजारी पायरीवर बसून बघत होती. घासण्याचा तो आवाज, खस्स, खस्स, तोही बाबांना येत नसणार, किंवा त्याचं फक्त बूड येत असणार, घुमणारं. पण हात कुठं चढलं, कुठं उतरलं ते वाचत होते. मध्येच थांबून, कागद झटकून, बोट फिरवून पुन्हा सुरू. या हातांवर सकाळी त्यांनी आळ घेतला होता. तिच्या मनात आलं की हे सांगावं, आणि तिनं सांगितलं नाही, कारण हातांना ते माहीत असावं असं दिसत होतं.

जाड कागदाचं नवं पॅकिंग कापलं. कार्ब्युरेटर बसवला. नट आवळताना बाबा एका जागी थांबले, पान्यावरचा हात तसाच, आणि ती बघत होती, की आता ते अजून पाव फेरा देतात की काय. त्यांनी पाना काढून घेतला.

“पाच वाजून गेले,” ती म्हणाली. “तो येईल आता. त्याला परत पाठवायला हवं.”

“कोण येईल?” आई दारात उभी होती. समोर आली, बाबांच्या समोर, आणि मग म्हणाली, “मी फोन लावलाच नव्हता. सकाळी नुसता कानाला लावून हो-हो केलं. तुम्हाला काय कळतंय!”

बाबांनी आईकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा आईकडे. “म्हणजे चार वर्षं तू फोनवर कुणाशीही बोलत नव्हतीस की काय?”

“काही वेळा बोलत होते,” आई म्हणाली. “पुढं मी बसणार आहे. थोरली मागे.”

चावी फिरवली. धाकटी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो बारीक आवाज नव्हता. जिथं तो होता तिथं आता नुसती जागा होती. इंजिन गरम होऊ दिलं. मग बाबांनी पितळी स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला, आणि पहिल्यांदाच, तिला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा, त्यांनी मान इंजिनाकडे न वळवता तिच्याकडे वळवली.

“सांग.”

पाव फेरा बाहेर. ती ऐकत होती. ऑफिसात काचेपलीकडे बसून तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं. माणसं फार हुशार असतात, आवाज ऐकू आला नाही तरी तिच्या पापणीवरून बोट वर करतात. एकवीस वर्षांत तिचं तोंड काम करताना आपोआप बंद पडायला शिकलं होतं.

“अशी दगडासारखी उभी राहिलीस तर मला कळणार कसं?” बाबा ओरडले. “तोंड हलव जरा!”

तिनं तोंड सोडलं. कसं ते तिलाही सांगता आलं नसतं. मूठ सोडावी तसं. पाव फेरा बाहेर, आणि घोडा चालायला लागला, आणि तिच्या भुवया वर गेल्या. अजून पाव, लंगडला, तिचं नाक आक्रसलं. बाबा लगेच मागे आले. आता फेऱ्याच्याही फोडी. थोडं आत. थोडं बाहेर. ते तिचा चेहरा वाचत होते, ओळीवर बोट ठेवून वाचावं तसे, आणि कधीकाळी डब्यावर उभी असलेली ती त्यांच्यासाठी तोंडभर ऐकत होती. मग एका क्षणी इंजिन इतकं सारखं झालं, इतकं गोल, की ती हसली, हसायचं ठरवण्याआधीच.

“इथं?”

“इथंच. हलवू नका.”

बाबांचा डावा हात इंजिनावर होता, व्हॉल्व्हच्या झाकणावर, तळवा सपाट. त्यांनी हात उचलला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं, तिला न कळणारं.

“अजून आहे जरा,” ते म्हणाले.

“बाबा, बरोबर आहे. एकदम बरोबर आहे.”

“बरोबर आहे गं. पण अजून आहे.”

आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर फिरवला. फेरा नव्हे, पाव नव्हे, त्याची फोडही नव्हे. नुसता श्वास घेताना मनगट हलतं तेवढा. इंजिन अजून खाली उतरलं, एका अशा जागी, जी तिथं आहे हे तिला माहीतच नव्हतं. मडगार्डवर टेकलेल्या तिच्या बोटांना लागणारी इंजिनाची थरथर थांबली. त्या शेवटच्या वळणाला बाबांनी तिच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं.